तीन खड्यांचे पाणी

रंगपंचमीच्या गेरीचा रंग कानामागून अजून पुरता गेला नव्हता, अशा एका रविवारी पहाटे आम्ही चौघे गळ घेऊन इंदूरहून निघालो. आत्याबाईंनी उंबरठ्यातच टोकले, "माईचे दर्शन घ्यायचे सोडून तिची लेकरे धरायला निघालात होय?" यावर उत्तर नसते. मात्र दशम्या आणि लसणाची चटणी त्यांनीच बांधून दिली होती; आमच्या मासेमारीचा घरातील लौकिक एवढ्यावरून कळावा.

सिमरोळ मागे टाकून रस्ता भेरूघाट उतरू लागला की माळवा संपतो आणि निमाड लागतो. घाटात पळस ऐन बहरात होता आणि मोहाखाली फुले वेचायला बायामुले जमली होती. आमच्या वडीलधाऱ्यांनी ओंकारेश्वराच्या यात्रा केल्या त्या याच डोंगरातून जाणाऱ्या मीटरगेज गाडीने. त्या लाईनीसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. आता ती गाडी नाही. आम्ही मोटारीने बडवाह गाठले आणि नावघाट खेडीला नर्मदेच्या काठी उतरलो.

घाटावर स्नाने चालली होती, परिक्रमावासी झोळ्या सावरीत होते. तेथे गळ टाकणे शोभले नसते, म्हणून आम्ही बरेच खाली, काळ्या खडकांच्या पट्ट्यात गेलो. आमच्या ओळखीचा म्हातारा नावाडी डोंगी घेऊन आधीच येऊन बसला होता. त्याने आमच्या रिळांकडे फारशा आदराने पाहिले नाही. स्वतः मात्र कणकेत हिंग आणि गूळ मळून गोळ्या केल्या, मोरपिसाच्या देठाचा तुकडा दोरीला बांधला आणि मग एक विचित्र गोष्ट केली. उतरत्या खडकावर, पाण्याच्या कडेपासून वर, वीतवीत अंतराने त्याने तीन पांढरे खडे मांडले.

पहिला भिजला तर सामान आवरायचे, दुसरा भिजला तर काठावर यायचे. "आणि तिसरा?" भाच्याने विचारले. तिसरा आपण बघायचा नाही, असे म्हातारा म्हणाला.

या खड्यांचे प्रयोजन धरणात आहे. येथून वर, मांधाता बेटाच्या माथ्याशी ओंकारेश्वरचे धरण आहे. त्याच्याही वर पुनासाला इंदिरा सागर. एकाचे वीजघर ५२० मेगावॉटचे, दुसऱ्याचे १००० मेगावॉटचे. शहरात विजेची मागणी वाढली की जनित्रे फिरतात आणि नदीत पाणी येते. ती थांबली की नदी उतरते. पूर्वी फाल्गुन-चैत्रात नर्मदा दिवसेंदिवस शांतपणे आटत जाई आणि नावाड्यांना तिचे मन कळे. आता आकाशात ढग नसताना ती चढते. आमच्या घरी संध्याकाळी दिवे आणि पंखे एकदम लागतात, तेव्हा येथे कोणाच्या तरी पायाखालचा खडक बुडत असेल, हे आमच्या ध्यानात आजवर आले नव्हते.

मासे मात्र लागले. दोन लहान रोहू आणि बोटभर लांबीची एक बाडस. बाडस म्हणजे महसीर, २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा. तिचे सोनेरी खवले आणि तांबूस पर पाहून आम्ही चौघेही क्षणभर गप्प झालो आणि ठरल्याप्रमाणे तिला सोडून दिले. हिला वाहते, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यात ती प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालते. वर आता भिंती आहेत, आणि खाली काही अंतरावर सरदार सरोवराचा फुगवटा सुरू होतो. मधल्या तुकड्यात जे वाहते, त्यावर तिचे भागते आहे. बडवाहच्या वनविभागाने तिच्या पैदाशीचे प्रयत्न केले आहेत. त्यांना यश येवो.

दुपारी दशम्या खाऊन आम्ही सावलीत आडवे झालो. भाचा तेवढा घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडच्या खडकावर जाऊन उभा होता. त्याचा गळ एकाएकी वाकला. आम्ही ओरडून सल्ले देऊ लागलो. खड्यांकडे कोणाचेच लक्ष नव्हते. म्हाताऱ्याने पाहिले तेव्हा दुसरा खडा भिजला होता. पाण्यावरून वाळलेला पाला आणि फेस वाहत येत होता. भोंगा वर वाजला असेल. आम्हांला ऐकू आला नाही.

"दोरी तोड!" म्हातारा गरजला. भाच्याला ते पटेना. त्याने एकदा माशाकडे, एकदा मधल्या पाण्याकडे पाहिले. मघाचे घोटाभर पाणी मांडीला लागेल इतके झाले होते आणि त्याला ओढ होती. त्याने दोरी तोडली. म्हाताऱ्याने डोंगी आडवी घालून त्याला आणले.

काठावर कोणी काही बोलले नाही. आम्हां मोठ्यांना मात्र धाराजी आठवले. ७ एप्रिल २००५ रोजी, अमावास्येच्या स्नानासाठी इंदिरा सागरच्या खाली धाराजीला यात्रेकरू जमले होते. धरणातून पाणी सुटले आणि साठाहून अधिक माणसे गेली. दोन दिवसांनी पाडवा होता. तो घाटही पुढे ओंकारेश्वरच्या जलाशयात बुडाला. त्या काठी खडे मांडणारा कोणी असता तरी एवढ्या गर्दीत ते कोणाला दिसले असते?

भाचा अजून म्हणतो की, ती मोठी बाडसच होती. म्हाताऱ्याच्या मते पढीन असावा, कारण बाडस इतक्या सरळ ओढीत नाही. निघताना ठरलेल्या पैशांपेक्षा जास्त घ्यायला तो राजी होईना. पुढच्या खेपेस इंदूरहून चांगले गळ आणा, तेवढे पुरे, म्हणाला. येथे मिळतात ते पहिल्याच हिसक्याला सरळ होतात. मग तो खडकापाशी गेला. पाण्याबाहेर उरलेला एकच खडा त्याने उचलला आणि दुसरे दोन शोधायला वाकला.