हिंगण्याची झोपडी

पुण्याला जाणं झालं की पर्वती, सारसबाग आणि तुळशीबाग करून आपण परततो. पुढच्या खेपेला, मैत्रिणींनो, तुळशीबागेतली एक दुपार वाचवा आणि कर्वेनगरला जाऊन या. डेक्कनहून रिक्षावाल्याला ‘कर्वे संस्था’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

आवारात शाळा-कॉलेजच्या मुलींची नुसती लगबग! १९९१ पासून तर इथं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. या साऱ्या इमारतींच्या गर्दीत एक लहानशी झोपडी जपून ठेवली आहे. बघायला आलोय ती हीच.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे पुण्यात प्लेग आला, आणि १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, त्यातून ही झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून अण्णासाहेब पायी इथं येत, नि सकाळी पुन्हा पायी परत जात.

पण मला या झोपडीपाशी आठवतात त्या पार्वतीबाई आठवले. अण्णासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई यांची ही बहीण, मूळची देवरूखची. विशीत वैधव्य आलं, पदरी एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपनही झालेलं. माजघराच्या कोपऱ्यात जन्म काढायचा, एवढंच पुढं दिसत होतं. पण सव्विसाव्या वर्षी बाई शिकायला बसल्या! शिकून आश्रमाच्याच कामाला लागल्या, गावोगाव हिंडून आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. इंग्रजी येत नाही ही अडचण मनात सलत होती. तेव्हा १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, आणि १९२० साली परतल्या. ‘माझी कहाणी’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं सांगितलं आहे.

मला यातलं मोठं वाटतं ते अमेरिकेला जाणं नव्हे. ‘मला काय येत नाही, आणि ते कशासाठी हवं आहे,’ हे त्यांनी आधी नेमकं ठरवलं. मग वय, लाज, लोक, कुणालाच आडवं येऊ दिलं नाही.

आपलं काय होतं? मुलं मोठी झाली की होऊ दे, दिवाळी उरकू दे, असं म्हणता म्हणता वर्षं सरतात. बँकेचा अर्ज स्वतः भरणं असो, राहिलेली परीक्षा असो, की शिवणाचे चार पैसे मिळवणं. एकच गोष्ट ठरवा आणि रोजचा एक तास तिच्या नावानं बाजूला काढा. घरचे आधी कुरकुरतील, मग सवय होईल.

शक्यतो शाळा भरलेली असतानाच जा. लेकीला, सुनेला बरोबर न्या. झोपडी पाहून वळलं, की समोरून दप्तरं घेतलेल्या मुली येताना दिसतात. पार्वतीबाईंच्या कष्टांचं काय झालं, ते मग कुणी सांगावं लागत नाही.