बुधवारची रात्र

१९७५-७६ साली कसबा बावड्यात आमच्या घरी रेडिओ नव्हता. बुधवारी रात्री आठला आम्ही भावंडं शेजारच्या मावशींच्या दारात बसायचो. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागे. ‘शोले’तलं आर. डी. बर्मन यांचं ‘मेहबूबा’ सुरू झालं, की पाय थिरकायचे. पण मध्येच खरखर होऊन गाणं तुटायचं.

आबा साखर कारखान्यात पाळीवर असत. ते आले की आम्ही डबा बडवून गाणं ऐकवायचो. तुटलेला भाग मनानंच जोडायचो. भाकरी मोडता मोडता आबा मान डोलवायचे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमीनभाई गेले. त्या रात्री लेकाच्या मोबाइलवर ते गाणं पुन्हा ऐकलं. कुठंच खरखर नव्हती. तेव्हा कळलं, आबांना आम्ही भलतंच गाणं ऐकवलं होतं. सांगायला आता आबा नाहीत.