आजोबांची सावली

सिंगापूरला ऋतूच नाहीत, अशी आपली सगळ्यांची कुरकूर. पण वर्षातून दोनदा, २३ मार्च आणि १९ सप्टेंबरच्या आसपास, इथे सूर्य थेट डोक्यावर येतो. मार्चमध्ये दुपारी १ वाजून १० मिनिटांच्या सुमारास ईस्ट कोस्ट पार्कमधल्या सरळ खांबाची सावलीच नाहीशी होते!

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने अशाच सावलीवरून पृथ्वी मोजली. इजिप्तमध्ये दक्षिणेकडच्या सायनीला, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यात एका मध्यान्ही सावली पडत नसे. अलेक्झांड्रियात मात्र पडे. तिचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग. म्हणून दोन गावांमधल्या अंतराची पन्नासपट, तो पृथ्वीचा घेर.

मार्चमध्ये आम्ही मुलांकडून हाच प्रयोग करवला. एरवी आजोबांशी फोनवर "जेवलास का?" "हो" यापुढे गाडी सरकत नाही. या वेळी मुंबईत आजोबांनी पाऊण वाजता गच्चीत मीटरभर काठी उभी केली. सावली ३२ सेंटिमीटर! कोन जवळजवळ १८ अंश, वर्तुळाचा विसावा भाग. मुंबई काही आपल्या सरळ उत्तरेला नाही, म्हणून नकाशावरून फक्त उत्तर-दक्षिण अंतर घेतले: सुमारे २,००० किलोमीटर. त्याची वीसपट ४०,०००. पृथ्वीचा घेर साधारण तेवढाच!

फोन अर्धा तास चालला. सप्टेंबरात तुम्हीही करून पाहा. काठी तेवढी ओळंब्यात हवी.