येवल्याची पैठणी आणि दिलेला शब्द

पैठणी घ्यायला येवल्याला जायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुणाकडे जाणार?" दुकानं तर पावलोपावली. मग आपण काय करतो? जिनं आधी घेतली असेल तिलाच विचारतो. मलाही शेजारच्या वहिनींनी एका विणकराचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.

मनमाडला उतरून एसटी धरली की तासाभरात येवलं. तात्या टोपे मूळचे इथले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली, तीही याच गावी. पण आपल्या बायकांच्या तोंडी येवलं आहे ते पैठणीमुळं. रघुजी नाईकांनी पैठणहून कारागीर आणून इथं वसवले, असं सांगतात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

विणकराच्या घरी गेले तर बाहेर पाटीसुद्धा नाही. पुढच्याच खोलीत माग. रेशीम बंगळूरकडचं, जर सुरतेची. पदरावरचा मोर भरायचा तर प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, आणि सगळं काम बोटांनी. साधी पैठणी महिनाभरात मागावरून उतरते, पण भरगच्च पदराची असेल तर कित्येक महिने लागतात. त्यांच्या पत्नीनं पदर उलटा करून दाखवला. जशी सुलट बाजू तशीच उलट! एक धागा लोंबत नव्हता.

मी साडी घेतली आणि कौतुकानं जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी लेकीच्या लग्नासाठी तिथंच इसार दिला. लग्नाला महिना उरला असताना विणकराचा मला फोन. "ताई, पदरात एक मोर चुकलाय. चार बोटं उसवावं लागेल. साडी दहा दिवस उशिरा मिळेल. चालत नसेल तर इसार परत देतो."

जाऊबाई माझ्यावरच उखडल्या. "तुझ्या भरवशावर पैसे दिले होते हो मी!" खरंच होतं ते. नाव सुचवताना आपण आपलाही शब्द गहाण टाकतो, हे मला तेव्हा कळलं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

शेवटी साडी आली, लग्नाच्या आधी सहा दिवस. सांगितल्या दिवशीच. आणायला मीच गेले होते. न राहवून विचारलं, "तशीच दिली असती तर कुणाला कळलं असतं?" ते म्हणाले, "ताई, लग्नात पन्नास बायका पदर हातात घेऊन बघणार. एकीला तरी चूक दिसलीच असती. मला गिऱ्हाईक त्या पन्नासांतूनच येतं."

याउलट माझ्या बहिणीची गोष्ट. एका दुकानदारानं तिला यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकली. तिनं भांडण केलं नाही, पण आमच्या नात्यागोत्यातलं कुणी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलं नाही. का, हे त्याला अजून ठाऊक नसेल.

तेव्हा पैठणी घेताना पदर उलटून बघा. मागं सुटे किंवा कापलेले धागे दिसले, तर ती हातानं विणलेली नाही असं समजा. पावती मागून घ्या. लग्नासाठी हवी असेल तर निदान सहा महिने आधी सांगा, आणि ठरलेले पैसे आपणही वेळेवर द्या. शब्द दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. दुसरीला नाव सांगाल, ते स्वतः पारखलेल्याचंच सांगा.

आणि जाऊबाई? मागच्या दिवाळीत त्यांच्या भिशीतल्या तीन जणी येवल्याला जाऊन आल्या. चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं जाऊबाईंनीच!