शिध्याची ज्वारी

सत्तरी उलटली, गळा गेला. आता विणेकऱ्याच्या मागे बसून दुसऱ्याचे कीर्तन ऐकतो. उभा असताना जे कधी बोललो नाही, ते आज माउलींच्या चरणी लिहितो.

आमच्या देवळीच्या सप्ताहाला पूर्वी ज्वारी विकत आणल्याचे मला आठवत नाही. खळे झाले की देवाचा वाटा आधी निघे. घराघरातून पायलीने शिधा येई. कडबा बैलांना, कण्या लेकरांना, भाकर सगळ्यांना. गव्हाची पोळी सणाला नाहीतर पाहुण्याला.

आता उलटे झाले. २०२५-२६ च्या हंगामाला गव्हाचा हमीभाव क्विंटलमागे २,४२५ रुपये, हायब्रीड ज्वारीचा ३,६९९. गरिबाची भाकर पोळीच्या वर जाऊन बसली!

लोक म्हणतात, रस्त्यांनी आणि कारखान्यांनी वावरे खाल्ली. खरे आहे, पण पुरते नाही. ज्वारी आधी आम्हीच काढली. सोयाबीन-कपाशीचा नगद पैसा दिसला, पाखरे आणि रानडुकरे राखायला माणूस मिळेना. मग औद्योगिक वसाहत आली, २०२४ मध्ये वर्ध्याहून रेल्वे आली, आणि काळ्या मातीत लेआऊटच्या चुन्याच्या रेघा पडल्या.

त्या रेघांत माझे तीन एकर आहेत. घरात आजारपण होते, हे खरे. पण एकराचा भाव ऐकून मन हलले, हेही खरे. सही केली त्याच आठवड्यात मी अन्नदानाच्या महिम्यावर दोन तास कीर्तन केले. कोणी काही बोलले नाही. मलाही तेव्हा काही टोचले नाही.

आमच्याच जिल्ह्यातले पवनार. १९५१ साली पोचमपल्लीला भूदान सुरू करणाऱ्या विनोबांचा आश्रम तिथे. जमीन मागत ते देशभर पायी हिंडले. आता त्याच पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग आखला आहे. त्यात पंढरपूरही जोडायचे आहे. कोल्हापूरकडचे शेतकरी विरोधात उभे राहिले. पंढरीला जायला आम्हा वारकऱ्यांना एवढी घाई कधी होती, हे मला कळत नाही. पण वावर विकून बसलेल्याने हे कोणत्या तोंडाने विचारावे?

यंदा सप्ताहाला ज्वारीची पोती दुकानातून आली. शिधा मांडायला मी बसलो होतो. माझे वावर बटईने करणारा गडी आला. आता तो वसाहतीत मजुरीला जातो. हातात प्लास्टिकच्या पिशवीत किलोभर ज्वारी होती.

"इकत आनली, महाराज. पायली काई जमली नाई."

"अरे, राहू दे. घरी ने लेकरांना."

"नाई, महाराज. दरसाली आपल्या वावरातली देत होतो. हेबी तिथलीच समजा."

मी पिशवी घेतली आणि टोपल्यात ओतली.