दहा गुंठे आणि एक गाय

संपादकांनी विषय दिला, 'थोड्या जमिनीवर स्वयंपूर्ण जगणं', आणि वर बजावलं, 'सर, आकडे जरा बेतानं.' ज्याची सगळी नोकरी चारापिकांत गेली त्याला हे सांगणं म्हणजे कमालच आहे.

निमित्त ताजं आहे. आयटीतलं एक जोडपं पुरंदरमधली वडिलोपार्जित १० गुंठे जमीन कसायची ठरवून माझ्याकडे आलं. घरात माणसं चार, पाणी बोअरचं, आणि पहिली खरेदी ठरलेली : देशी गाय.

१० गुंठे म्हणजे पाव एकर, साधारण १,००० चौरस मीटर. चौघांना वर्षाला साडेचार क्विंटल धान्य लागतं. कोरडवाहू रब्बी ज्वारी हेक्टरी १० क्विंटल उतरली तरी आमच्याकडे शेतकरी खूश असतो. त्या मापानं इथे १ क्विंटल. घाण्याचं तेल घरच्या शेंगांचं हवं असेल, तर महिना २ किलोसाठी खरिपात जवळजवळ सगळी जमीन भुईमुगाखाली जाते. मीठ, औषधं, फी यांचं तर बोलूच नका.

श्री. अ. दाभोळकरांनी १० गुंठ्यांत कुटुंब नीट जगू शकतं, असं मांडलं. त्यांची टिंगल मी करणार नाही. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त द्राक्षवाले जे शिकले, ते आम्हा कृषी विद्यापीठवाल्यांकडून नाही, ही बोच अजून आहे. पण ते गणिताचे प्राध्यापक. पानावर पडणारं ऊन आणि रोजच्या नोंदी यांवर त्यांची भिस्त. हल्ली त्यांचं नाव घेणारे नोंदी सोडतात आणि गाय धरतात.

आता गाईबद्दल. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर एका गाईवर ३० एकर शेती सांगतात. तो हिशोब शेण-गोमूत्राचा, त्यातून होणाऱ्या जीवामृताचा. तिच्या तोंडाकडून कुणी मोजतच नाही! ३०० किलोच्या गाईला रोज ७ किलो तरी कोरडा चारा लागतो, वर्षाला २५ क्विंटल. कोरडवाहू ज्वारीचा एवढा कडबा मिळायला हेक्टरभर रान हवं. भाकड काळातही ती खातेच. 'बांधावरचं गवत आहे की', असं शिकलेली माणसं म्हणतात तेव्हा मी चहा मागवतो.

यावर उपाय आहे, आणि तो आमच्याच क्षेत्रातला : संकरित नेपिअर. फुले जयवंत लावा, पाणी-खत सांभाळा, वरचेवर कापा. हेक्टरी दीडशे टन हिरवा चारा धरला तर १० गुंठ्यांत १५ टन. त्यात पाच-सहा भागांतला एकच भाग कोरडा, बाकी पाणी. म्हणजे एक गाय वर्षभर जेमतेम निघते. गाय स्वयंपूर्ण झाली, कुटुंब बाहेर! शिवाय १० गुंठ्यांवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १,००० लिटर, आणि मे महिन्यात नेपिअरला रोज सात-आठ मिलिमीटर लागतं. पुरंदरमधल्या बोअरकडून ही अपेक्षा ठेवणाऱ्यानं टँकरवाल्याचा नंबर जवळ ठेवावा.

मी त्या जोडप्याला लिहून दिलं : दोन गुंठे भाजी, कडेनं शेवगा, सांडपाण्यावर केळी आणि अळू, पपई, थोडी तूर, आठ-दहा गावरान कोंबड्या. पालापाचोळा जाळायचा नाही. भाजी-अंड्यांचा खर्च बराच वाचेल. ज्वारी गावातून विकत घ्या, आणि दोघांपैकी एकाची नोकरी चालू ठेवा.

"मग सर, याला स्वयंपूर्ण कसं म्हणायचं?" बाईंनी विचारलं.

नवरा एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "गीर गाईचा ॲडव्हान्स देऊन झालाय."