तंबू तलावाच्या पाळीवर

नागपूर सोडून उमरेडच्या रस्त्याला लागलं की कोळसा खाणीचे ढिगारे मागे पडतात न पडतात तोच वाघाच्या पाट्या सुरू होतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे. उत्तरेला पेंच, पश्चिमेला बोर, दक्षिणेला ताडोबा. वाघांची इतकी जंगलं उशाशी घेऊन झोपणारं मोठं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही. त्यामुळे शनिवारची रात्र उघड्यावर काढायचं मनात आलं की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा अभयारण्याचं गेट येतं. मी या प्रवासात गेटाकडे वळलो नाही. भिवापूर, पवनी करत, वैनगंगा ओलांडून लाखांदूर गाठलं आणि तिथून अर्जुनीवरून नवेगावबांधकडे गेलो. या वाटेवर एक गोष्ट मला पक्की पटली आहे: शहरातल्या माणसाच्या तंबूची जागा राखीव जंगलात नाही, ती गावाच्या तलावाशेजारी आहे. आणि ती गावाने नेमून दिलेली असली पाहिजे.

राखीव जंगलाबद्दल आधी थोडक्यात. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात कुणीही तंबू ठोकू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथे पाहुण्याच्या वाट्याला येते ती जिप्सीची ठरावीक वेळेची फेरी. रात्र काढायची ती विश्रामगृहाच्या खोलीत. पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही विदर्भासाठी अभिमानाची बाब आहे. पण ते तारे पाहायला शहर जितक्या मोठ्या संख्येने जंगलाच्या कडेला उतरेल, तितका तिथला काळोख विरळ होईल. काळोख राखायचा तर माणसांची गर्दी पांगवायला हवी, आणि ती पांगवायला लागणारी जागा पूर्व विदर्भात गावोगाव तयार आहे.

ती जागा म्हणजे मामा तलाव, अर्थात माजी मालगुजारी तलाव. पवनी-लाखांदूरच्या चौरास पट्ट्यातून पुढे जाताना दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधेच एखादी बोडी (लहान तळं) आणि गावाच्या वरच्या अंगाला मोहा-पळसाच्या सावलीतली मातीची लांब पाळ, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. नवेगावचा सुमारे 11 चौरस किलोमीटरांचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगितलं जातं, आणि त्याच पाण्याकाठी मारुती चितमपल्ली यांच्या लेखणीला पाखरांची ओळख पटली. इथे एक बाब नजरेआड होते. 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण त्या उद्यानाची सगळी शोभा ज्या पाण्यावर आहे ते पाणी शेतकऱ्यांनी धानासाठी अडवलेलं आहे. ज्याला आपण निसर्ग म्हणून पाहायला जातो तो इथे माणसांच्या कष्टातून उभा राहिला. मग त्याच कष्टातून झालेल्या, पण कुंपणाबाहेर राहिलेल्या शेकडो तलावांकडे आपण पाठ का फिरवावी? हिवाळ्यात पट्टकादंब तिथेही उतरतात. महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर एवढ्याच भागात उरलेला सारस तर अभयारण्याची हद्द मानतच नाही; तो धानाच्या शेतात घरटं करतो, शेतकऱ्याच्या भरवशावर.

हे तलाव आज सुखात नाहीत, म्हणूनही माझा आग्रह आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली, ते न्याय्यच झालं, पण तिच्यासोबत तलावाची धनी असलेली व्यवस्थाही गेली आणि पाणी सरकारी झालं. गाळ साचत गेला, पाळींवर बेशरमची झुडपं माजली. ढिवरांच्या मच्छीमार संस्था ठेका भरून मासे धरतात, पण गाळ उपसायला त्यांच्या गाठीशी पैसा नसतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बायाबापड्यांसोबत बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा तलाव सावरतो हे दिसून आलं. पाहुण्याने पाळीजवळच्या पडीक जागेत तंबू ठोकण्यासाठी दिलेलं रात्रीचं भाडं थेट अशा संस्थेच्या हाती पडलं, तर त्या कामाला दरवर्षीचा आधार मिळेल.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप वाघाचा आहे, आणि लाखांदूरमध्ये उभं राहून तो झटकून टाकणं हा इथल्या लोकांचा अपमान ठरेल. ‘सीटी-1’ या वाघाने वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडाऱ्याच्या जंगलात 13 माणसं मारली, त्यांतली काही याच लाखांदूर भागात. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याला वडसा वनक्षेत्रात जेरबंद केलं. 2021 मध्ये गडचिरोलीत आलेला रानहत्तींचा कळपही पुढच्याच वर्षी गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत पोचला. म्हणजे भीती खरी आहे. पण या पट्ट्यात माणसं बहुतेक वेळा मारली जातात ती सरपणाला, मोहफुलांना, गुरांमागे जंगलात शिरल्यावर. म्हणून जंगलाला लागून असलेला तलाव यादीतून सरळ वगळावा. गावठाणाला चिकटलेला, चहूकडून उघडी शेतं असलेला तलावच निवडावा. कोणत्या आठवड्यात कुठल्या शिवारात पावलं दिसली हे गावाला आधी कळतं, शहरात बसून आरक्षण घेणाऱ्या दलालाला नाही. गाव म्हणालं, ‘या वेळी नको’, तर तंबू लागणार नाही, ही पहिली अट.

दुसरा आक्षेप पवनेचा. पुण्याजवळच्या पवना धरणाकाठी तंबूंच्या रांगा, ध्वनिक्षेपक आणि कचरा यांनी काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. भंडारदरा परिसरात काजवे पाहायला लोटलेल्या गर्दीवर वनखात्याला निर्बंध आणावे लागले. लाखांदूरचंही तेच होईल, असं कुणी म्हटलं तर मी त्याला भाबडा म्हणणार नाही. पण काठावरच्या जमिनीचा धनी एक, पाण्याचा दुसरा आणि पैसा मोजणारा तिसरा, असं जिथे असतं तिथे आवर घालणारा उरत नाही. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढे कित्येक ग्रामसभा बांबू, तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतः करू लागल्या. लाखोंचा तेंदू लिलावात काढणाऱ्या ग्रामसभांच्या शेजारच्या गावांना दहा तंबूंवर मर्यादा घालता येणार नाही, हे मला पटत नाही. जिल्हा परिषदेने तलावाच्या ठेक्यात एवढी तरतूद करावी की मासे धरणाऱ्या संस्थेच्या संमतीशिवाय काठावर कुणालाही धंदा मांडता येणार नाही.

राहिला प्रश्न, तिथे पाहायचं काय. दिवाळीनंतर या भागात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. त्यांचं मुख्य ठाणं असलेलं वडसा लाखांदूरहून जवळ आहे, आणि थंडीत रात्रभर चालणारा प्रयोग धानकापणी उरकलेल्या गावासोबत बसून पाहणं कुठल्याही शेकोटीच्या कार्यक्रमापेक्षा मोठं आहे. वडशाला गोंदिया-बल्लारशा मार्गाचं स्थानक आहे. नागपूर-नागभीडची छोटी गाडी 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली; तो मार्ग पुन्हा सुरू झाल्यावर नागभीडला गाडी बदलून वडशापर्यंत रेल्वेने येता येईल, आणि तलावाकाठी मोटारींची रांगही लागणार नाही. हंगाम मात्र आखून घ्यावा: धान घरात आल्यापासून माघ संपेपर्यंत. फाल्गुनाअखेरीस मोह गळू लागतो, मग तेंदूपत्ता येतो, आणि सारं गाव पहाटेपासून जंगलात असतं. त्या दिवसांत पाहुण्याकडे पाहायला कुणाला सवड नसते, वाघ-माणसाची गाठही तेव्हा अधिक पडते. तेव्हा तंबू नागपुरातच गुंडाळून ठेवावा.